अनाहूत ई-मेलचा माग व तक्रार

टपालाने आलेले पाकीट हाती पडले, की जुन्या पिढीतील जाणता माणूस ते फोडण्यापूर्वी उलटसुलट करून पाही. प्रेषकाचे नाव तो वाचीच. परंतु त्याहून अधिक भरवसा तो टपालाच्या शिक्क्यावर ठेवी. कारण उघड आहे. पाकिटावरील नाव पत्र लिहिणाराच लिहितो, शिक्का मात्र टपाल कचेरी मारते. पत्र पुण्याहून लिहिल्याचे म्हटले असून शिक्का सोलापूरचा असेल, तर वाचणाऱ्याच्या मनात शंका येते, आणि ती येणे रास्तही असते.

आज शाळेचे बरेचसे टपाल ई-मेलने येते. परिपत्रके, माहितीचे तक्ते, प्रशिक्षणाच्या तारखा, सारे याच वाटेने येते. आणि याच वाटेने कोणीही न मागवलेली, फसवी पत्रेही येतात. एखाद्या सकाळी शिक्षकास असे पत्र येते: ‘शिक्षण विभाग, वेतन शाखा. आपल्या खात्याची पडताळणी झालेली नाही. आज सायंकाळपर्यंत सोबतच्या दुव्यावर खाते क्रमांक व संकेतशब्द भरावा; अन्यथा या महिन्याचे वेतन रोखण्यात येईल.’ वर नाव शिक्षण विभागाचे, भाषा कचेरीची, आणि मुदत सायंकाळची. घाईघाईने माहिती भरली गेली, तर महिन्याचे वेतन कोणा अनोळखी माणसाच्या हाती जाण्यास काही मिनिटेही लागत नाहीत. अशा पत्राचा शिक्का कोठे असतो, तो कसा वाचावा आणि वाचल्यावर तक्रार कोणाकडे करावी, याची माहिती देणे हा या लेखाचा हेतू आहे.

अनाहूत पत्रांचा उगम

अशा पत्रांना ‘स्पॅम’ म्हणतात. मुळात हे अमेरिकेत १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचे नाव. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी नटमंडळीने १९७० साली दूरचित्रवाणीवर एक प्रवेश केला. त्यात खाणावळीतील प्रत्येक पदार्थात हेच मांस आणि प्रत्येकाच्या तोंडी हाच शब्द, इतका की दुसरे बोलणे ऐकू येईनासे होते. नको असलेल्या पत्रांच्या गर्दीत कामाचे पत्र हरवते, म्हणून पुढे त्यांनाही तेच नाव पडले.

पहिले असे पत्र ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत निघाले, असे मानतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे विक्रेते गॅरी थ्युर्क यांनी नव्या संगणकाची जाहिरात अर्पानेट या संगणकजाळ्यावरील सुमारे ४०० जणांस एकदम धाडली. जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या संरक्षण खात्याच्या शाखेने हा नियमांचा उघड भंग ठरवला. म्हणजे पहिल्या अनाहूत पत्राबरोबरच पहिली तक्रारही जन्मास आली.

तथापि फसवणुकीचे खरे मूळ दुसरीकडे आहे. जगातील ई-मेल आजही ज्या नियमांच्या पायावर धावते, ते जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठे व संशोधनसंस्था होत्या, आणि बहुतेक माणसे परस्परांस ओळखत. त्यामुळे ‘प्रेषक’ या जागी लिहिलेले नाव खरे आहे की नाही हे तपासण्याची सोय त्या नियमांत ठेवलेली नव्हती. दहा घरांच्या वस्तीत दारांना कुलपे नसावीत आणि पुढे त्याच वस्तीचे शहर व्हावे, तसे हे झाले. आजही ‘प्रेषक’ या जागी कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. यास्तव पहिला नियम असा, की प्रेषकाचे नाव हा पुरावा नव्हे.

शिक्के कसे वाचावेत

प्रत्येक ई-मेलच्या मागे एक भाग दडलेला असतो. त्यास हेडर म्हणतात. पाकिटाच्या पाठीसारखा हा भाग होय. पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून, म्हणजे ज्या ज्या टपाल कचेरीतून जाते, ती प्रत्येक कचेरी त्यावर ‘रिसीव्ह्ड’ अशी नोंद करते: कोणाकडून मिळाले, कोणी घेतले आणि किती वाजता. हा भाग पाहण्यासाठी जीमेल संगणकावर उघडावे, पत्राच्या उजव्या बाजूचे तीन ठिपके दाबावेत व ‘शो ओरिजिनल’ निवडावे. इतर सेवांतही अशी सोय असते. तिचे नाव मात्र वेगळे असू शकते.

समोर इंग्रजी अक्षरांचे रान दिसते. त्यास पाहून बिचकू नये. आपणांस केवळ ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या नोंदी हव्या आहेत. प्रत्येक कचेरी आपली नोंद आधीच्या नोंदींच्या वर चिकटवते. म्हणून सर्वांत वरची नोंद शेवटची, आणि सर्वांत खालची नोंद पहिली. वाचन वरून खाली करावे, म्हणजे आपल्या दारापासून मागे मागे जावे.

उदाहरणार्थ, वर सांगितलेल्या वेतनाच्या पत्रावर तीन नोंदी आहेत असे समजू.

१. वरची नोंद: जीमेलच्या आतील सर्व्हरने जीमेलच्याच दारावरील सर्व्हरकडून घेतले. वेळ १० वाजून ४२ मिनिटे २० सेकंद.

२. मधली नोंद: जीमेलच्या दारावरील सर्व्हरने बाहेरून घेतले. देणाऱ्याने आपले नाव ‘शिक्षण विभाग’ असे सांगितले. कंसात आकडा २०३.०.११३.२५. वेळ १० वाजून ४२ मिनिटे १८ सेकंद.

३. खालची नोंद: ‘राज्य कार्यालय’ या सर्व्हरने ‘सचिव कक्ष’ यांच्याकडून घेतले. वेळ ११ वाजून ५ मिनिटे.

पहिली नोंद आपल्याच सेवादात्याची, म्हणून विश्वासार्ह. दुसरीही त्यानेच केलेली आहे. परंतु तिच्यात दोन प्रकारच्या गोष्टी आहेत, आणि सारे मर्म त्यांतील भेदात आहे. ‘शिक्षण विभाग’ हे नाव देणाऱ्याने तोंडाने सांगितले. ते खोटे असू शकते. कंसातील आकडा मात्र घेणाऱ्या कचेरीने स्वतः पाहून लिहिला. या आकड्यास आयपी पत्ता म्हणतात. तो खोटा सांगणे सोपे नाही, कारण पत्र देताना दोन्ही संगणकांत प्रश्नोत्तरे होतात. पत्ता खोटा असला तर उत्तर भलतीकडे जाईल आणि बोलणेच तुटेल.

आता तिसरी नोंद. मधल्या कचेरीला पत्र ‘शिक्षण विभाग’ या नावाने मिळाले. पण खाली ते ‘राज्य कार्यालया’ने घेतल्याचे लिहिले आहे. साखळीची कडी कडीत अडकत नाही. शिवाय खालची नोंद आधीची असावयास हवी, ती तर तेवीस मिनिटे नंतरची दिसते. एखाद्या सर्व्हरचे घड्याळ चुकलेले असू शकते, म्हणून केवळ वेळेवरून निर्णय करू नये. वेळ पाहताना पुढचा ‘+०५३०’ यासारखा आकडाही पाहावा. तो जागतिक प्रमाणवेळेहून साडेपाच तास पुढची, म्हणजे भारताची वेळ दाखवतो. वेळ आणि साखळी दोन्ही बिघडलेली असता मात्र तिसरी नोंद लबाडाने आधीच लिहून ठेवलेली आहे, असे समजण्यास हरकत नाही.

तात्पर्य, आपले खात्रीचे ज्ञान २०३.०.११३.२५ या पत्त्यापाशी थांबते. त्याच्या पलीकडील गोष्ट आपणांस दिसत नाही, आणि दिसते असे मानूही नये. (हा आकडा येथे मुद्दाम योजला आहे. शिकवण्याच्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी तो एक असून कोणाही व्यक्तीचा वा संस्थेचा नाही.) १० किंवा १९२.१६८ यांनी सुरू होणारे पत्ते दिसल्यास ते घरातील वा कचेरीतील अंतर्गत पत्ते होत. त्यांवरून बाहेरचा माग लागत नाही.

जीमेलच्या त्याच पानावर एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क अशी तीन नावे आणि त्यांपुढे ‘पास’ वा ‘फेल’ असे शब्द दिसतात. १९८२ च्या नियमांतील उणीव भरून काढण्यासाठी पुढे केलेल्या या तपासण्या होत. ‘फेल’ दिसल्यास सावध व्हावे. पण ‘पास’ म्हणजे पत्र प्रामाणिक, असे नव्हे. पत्र त्या पत्त्याच्या धन्याच्या संमतीने निघाले, एवढेच त्यातून कळते. लबाडाने सरकारी नावाशी मिळतेजुळते नाव स्वतःच विकत घेतले असेल, तर तोही ‘पास’ होतो.

पत्त्याचा धनी कसा शोधावा

जगातील आयपी पत्त्यांचे वाटप पाच प्रादेशिक नोंदणी संस्था करतात. आशिया व प्रशांत महासागराच्या प्रदेशाची संस्था एपनिक ही असून तिची कचेरी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. भारतापुरते हे काम इरिन ही संस्था पाहते. या संस्थांच्या ‘हूइज’ नावाच्या नोंदवहीत आयपी पत्ता घातला, की तो कोणत्या कंपनीस दिला आहे हे कळते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून जमिनीचा धनी कळावा, तसेच हे होय. त्याच नोंदीत दुरुपयोगाची तक्रार करण्याचा पत्ताही दिलेला असतो. १९९७ साली ठरलेल्या संकेतानुसार हा पत्ता बहुधा इंग्रजी ‘ॲब्यूज’ या शब्दाने सुरू होतो व त्यापुढे कंपनीचे नाव येते.

येथे एक सावधगिरी हवी. उताऱ्यावर नाव सापडले म्हणजे चोर सापडला, असे नाही. पुष्कळ वेळा असे पत्र एखाद्या निरपराध माणसाच्या संगणकातून निघते. त्याच्या संगणकात घातक प्रणाली शिरलेली असते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. असे हजारो संगणक एका दुष्टाच्या हुकमात चालतात, त्या समूहास बॉटनेट म्हणतात. विनामूल्य मिळालेल्या प्रणाली व कोणाचेही पेनड्राइव्ह तपासल्यावाचून वापरणारा शाळेचा संगणकही या समूहात ओढला जाऊ शकतो. म्हणून तक्रार करताना ‘तुम्ही चोर आहात’ असे न म्हणता ‘तुमच्या वाटेने चोर आला’ असे म्हणावे.

तक्रार कशी व कोणाकडे करावी

प्रथम काय करू नये ते सांगतो. पत्रातील दुव्यावर जाऊ नये. जोडलेला कागद उघडू नये. उत्तर धाडू नये. रागाचे तर मुळीच नाही. अनोळखी पत्राखाली ‘पुन्हा पत्रे नकोत’ म्हणून दिलेला दुवाही दाबू नये, कारण त्यावरून हा पत्ता जिवंत आहे असे लबाडास कळते.

तक्रारीची ठिकाणे पुढीलप्रमाणे:

(अ) आपला सेवादाता. पत्रास ‘स्पॅम’ अथवा ‘फिशिंग’ म्हणून खूण करावी. एक बोट दाबण्याचे हे काम क्षुल्लक वाटले, तरी अशा असंख्य खुणांवरूनच सेवादात्याची चाळण सुधारते व दुसऱ्याच्या घरी जाणारे तेच पत्र अडते.

(आ) ज्याच्या आयपी पत्त्यावरून पत्र आले तो सेवादाता. पत्र जीमेलवरूनच लिहून धाडले असेल, तर लिहिणाऱ्याचा स्वतःचा पत्ता त्यात दिसत नाही. तेथे तक्रार जीमेल चालवणाऱ्या गूगलकडेच करावी.

(इ) ज्या संस्थेचे नाव वापरले ती संस्था. बँकेचे नाव असेल तर बँकेस व शिक्षण विभागाचे असेल तर केंद्रप्रमुख वा गटशिक्षणाधिकारी यांस कळवावे. तेच पत्र तालुक्यातील इतर शिक्षकांकडेही गेलेले असण्याचा संभव असतो.

(ई) सर्ट-इन. संगणकीय सुरक्षेच्या घटनांसाठी नेमलेली ही भारत सरकारची संस्था असून फसव्या पत्रांची माहिती ती ई-मेलने स्वीकारते.

(उ) पैसे गेले असतील तर प्रथम १९३० हा क्रमांक फिरवावा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. येथे माग काढीत बसू नये. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतो. तो वाटेत अडवता येईल की नाही हे आपण किती लवकर कळवतो यावर अवलंबून असते. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सेवादात्यास लिहावयाची तक्रार थोडक्यात व शांतपणे लिहावी. परदेशी कंपनीस ती इंग्रजीत लिहावी लागेल. तिचा आशय असा असावा: ‘अमुक तारखेस, भारतीय वेळेनुसार सकाळी १० वाजून ४२ मिनिटांनी, आपल्या २०३.०.११३.२५ या पत्त्यावरून मला खात्याची माहिती मागणारे फसवे पत्र आले. त्याचे संपूर्ण हेडर व मजकूर खाली जोडला आहे. कृपया चौकशी करून योग्य ती कारवाई करावी.’ पत्र नुसते पुढे पाठवू नये, कारण तसे केल्याने मूळ हेडर हरवते. ‘शो ओरिजिनल’ मधील सारा मजकूर उतरवून जोडावा. मात्र त्यात आपला खाते क्रमांक वा अन्य खाजगी माहिती असल्यास ती झाकावी.

तक्रारीस विलंब करू नये. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निदेशांनुसार भारतातील सेवादात्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. सहा महिने उलटल्यावर त्या शिल्लक असतीलच, याची खात्री नाही.

तक्रारीचे फळ

एका शिक्षकाच्या तक्रारीने काय होणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर २००८ सालच्या एका घटनेत मिळते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मॅकोलो नावाची एक कंपनी संगणक भाड्याने देई. जगभरच्या बॉटनेटांचे हुकूम तिच्याकडील संगणकांवरून सुटतात, असे अनेक अभ्यासकांनी माग काढून दाखवले. वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राचे पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी तो पुरावा मॅकोलोस जोडणी पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुढे ठेवला. ११ नोव्हेंबर २००८ रोजी त्यांनी ती जोडणी तोडली, आणि त्याच दिवशी जगातील अनाहूत पत्रांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे निरीक्षकांस आढळले.

या घटनेत ध्यानात घेण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. पत्रे हजारो घरांतून निघत होती, पण माग काढीत गेल्यावर मूळ मोजक्या ठिकाणी सापडले. दुसरे, पोलिसांनी दार ठोठावण्यापूर्वीच सेवादात्यांनी वाट बंद केली. तक्रार सेवादात्याकडे का करावयाची, याचे कारण हेच. तिसरी गोष्ट मात्र नम्र करणारी आहे. काही महिन्यांतच लबाडांनी दुसरी ठाणी शोधली आणि पत्रांचा पूर पुन्हा वाढला. यावरून तक्रार व्यर्थ ठरत नाही. शेतातील तण एकदा उपटून संपत नाही, म्हणून कोणी खुरपणी सोडून देत नाही.

वर्गात काय करता येईल

हा विषय पाचवी ते सातवीच्या मुलांस संगणकावाचूनही शिकवता येतो. एका मुलाने पत्र लिहावे. चार मुलांनी चार टपाल कचेऱ्या व्हावे. प्रत्येकाने पत्र घेताना ‘कोणाकडून घेतले, कोणी घेतले, किती वाजता’ एवढे एका चिठ्ठीवर लिहून ती आधीच्या चिठ्ठ्यांच्या वर लावावी. दुसऱ्या फेरीत पत्र लिहिणाऱ्यास गुपचूप सांगावे, की खोटे नाव लिही व एक खोटी चिठ्ठीही आधीच लावून ठेव. मग साऱ्या वर्गाने वरून खाली चिठ्ठ्या वाचून कडी कोठे तुटते ते शोधावे. मुले हा खेळ आनंदाने खेळतील. शेवटी त्यांस एकच प्रश्न विचारावा: नाव कोणी लिहिले आणि शिक्का कोणी मारला?

हाच प्रश्न मुले घरी नेतील. अनेक घरांत आजोबांच्या निवृत्तिवेतनाचा वा आईच्या बचत गटाचा निरोप आज फोनच्या पडद्यावर येतो, आणि तो वाचून दाखवणारे घरातील मूल असते. त्या मुलाने ‘थांबा, हे नाव लिहिणाऱ्यानेच लिहिले आहे, आपण आधी बँकेत विचारू’ एवढे म्हटले, तरी एखाद्या घराची वर्षाची पुंजी वाचेल. आणि गावातील फसगत झालेला माणूस लाजेने गप्प न बसता शाळेत येऊन ‘गुरुजी, हे पत्र पाहा’ असे म्हणू लागला, म्हणजे माग काढण्याची पहिली पायरी गाठली असे समजावे. त्याला दोष न देता त्याच्याजवळ बसून शिक्के वाचणे आणि त्याच्या नावाने तक्रार लिहून देणे, हे काम गावात आपल्याइतके दुसऱ्या कोणास करता येणार नाही.